हातात काय आहे ते बघ

चेहऱ्यांकडे बघू नकोस, हिल्डा म्हणाली,
चेहरे सगळे एकाच सुताराचे,
बहुतेक त्याच्या मेव्हणीचे.
हातात काय आहे ते बघ.

मंगळवारची झाडझूड आमच्या दोघींकडे.
श्रॉपशरमधलं हॉपली, बसच्या एका थांब्याएवढं गाव,
देवळात हीटर नाही, म्हणून अंगात कोट ठेवूनच
मी वेदीमागच्या ओकच्या पटावर
मऊ ब्रश फिरवते, वरून खाली,
आणि हिल्डा प्रॉथरो शिडी धरून
मला माणसं ओळखायला शिकवते.

चाक असलं की कॅथरीन.
लोखंडी जाळी घेऊन लॉरेन्स,
जणू शेजाऱ्याची परत द्यायला निघालाय.
पकडीत दाढ धरून उभी ती ॲपोलोनिया;
लडलोचा दातांचा डॉक्टर दर फेब्रुवारीत
तिच्यापुढे मेणबत्ती लावून जातो,
विश्वास नाही म्हणतो, तरी.
आणि हा, हातावर रेनकोट घेतलेला?
रेनकोट नव्हे गं, हिल्डा म्हणाली,
बार्थोलोम्यू. ती त्याची कातडी.

मी ब्रश थांबवला.

मिरजेला आमच्या देव्हाऱ्यात
अष्टभुजेच्या हातांत जे जे होतं
ते दुसऱ्याला मारायचं होतं.
त्रिशूळ, खड्ग, पाश;
दसऱ्याच्या आधी मी ते चिंचेनं घासायची,
टोकं बोटाला लागायची.
इथे ज्यानं त्यानं धरलंय ते,
ज्यानं तो मेला.
आणि धरलंय कसं? रागानं नाही.
दारावरच्या शिपायाला पास दाखवावा, तसं.

डावीकडून पाचवी मात्र कुणीच नाही.
उजवा हात मनगटाशी सपाट संपलेला.
राजाची माणसं करवत घेऊन आली होती, हिल्डा सांगते.
कीड लागली होती, मिस्टर थ्रॉसल सांगतात,
देवळाच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात.
मनगटात करंगळी मावेल एवढं भोक.
सुगीच्या सणाला कुणा पोरानं त्यात
जवाची ओंबी खोचली,
ती ईस्टरपर्यंत कुणी काढली नाही.
हात नाही म्हणून वस्तू नाही,
वस्तू नाही म्हणून नाव नाही.
चेहरा आहे. शाबूत. नाकासकट.

आज तिच्या इतक्या जवळ होते
की माझा श्वास तिच्या गालावर ओला बसला,
आणि शालन आठवली.
आमच्या खालच्या बिऱ्हाडातली.
वैशाखात माप ओलांडून आली,
दिवाळीला नव्हती.
पंचनाम्यात लिहिलं, भडका उडाला.
स्टोव्हला काही झालं नव्हतं.
पितळी, पंपासकट, पिनेसकट.
सासूनं पुढे अकरा वर्षं तोच वापरला.
त्याच्यावरचा चहा मी प्यायले आहे.

तिला कोरायला कठीण नव्हतं काही.
एका हातात पदराचं टोक,
दुसऱ्यात स्टोव्ह, छातीशी, लेकरासारखा.
शेंबडं पोरदेखील नाव सांगेल.
पण सुतार आमच्या गल्लीत एकच होता
आणि तो त्या घरचे पाट करायचा.

झालं का, खालून हिल्डा.
भोकात ब्रश जात नाही, मी म्हणाले.
हातमोजा काढला, करंगळी घातली,
फिरवली. थोडा भुसा.
जवाचं एक कुसळ, नखात रुतलं.
काय होतं?
धूळ.

खाली उतरले तेव्हा थर्मास उघडलेला होता.
मी कप दोन्ही हातांनी धरला,
ऊब लागावी म्हणून,
आणि हिल्डा, सवयीनं,
आधी माझ्या हातांकडे बघत होती.